मनकर्णाबाईची गल्ली

मनकर्णाबाई कासारीण हात नुसता हातात धरून बांगडीचं माप सांगायची, आणि तोंडावर बोलायला कुणाच्या बापाला भ्यायची नाही. नवरा गेल्यावर कासार गल्लीतलं दुकान तिनं एकटीनं चालवलं. परतवाड्याकडच्या खेड्यांतल्या नवऱ्या मुली चुडा भरायला तिच्याकडेच यायच्या.

पण सत्तावन्न साली एस.टी.चा स्टँड गावाच्या दुसऱ्या टोकाला गेला आणि गिऱ्हाईकही त्याच्यामागं गेलं. वर्षभरात गल्लीतली नऊ दुकानं बंद पडली. शेजारचा सूर्यभान कुलूप लावून अकोल्याला जठारपेठेत गेला. नगरपालिकेच्या कराची पट्टी मात्र जुनीच होती, पहिल्या दर्जाच्या बाजाराची. बंद दुकान कुणी घ्यायला आलं, की मालक आधी ती पट्टी भाड्यात धरायचा. आलेला माणूस आल्या पावली परत जायचा.

मनकर्णाबाईनं नगरपालिकेचे अध्यक्ष चंद्रभान वकील यांना कचेरीत गाठलं.

"वकीलसाहेब, आमची गल्ली दुसऱ्या दर्जात टाका."

वकील हसले. "बाई, गावातली सगळ्यात जुनी पेठ ती. लोक नाराज होतील."

ते खोटं नव्हतं. कापडवाले भगवंतशेठ तिच्यावर उखडलेच होते. "आपली गल्ली दुय्यम म्हणून लिहून घ्याची? लाज नाई वाटत?"

"शेठजी, तुमाले दर्जा पायजे का गिऱ्हाईक?" तिनं विचारलं होतं. शेठ पान थुंकून आत गेले होते.

आता ती वकिलांना म्हणाली, "मले अर्ज लिहिता येत नाई. उद्या बाजाराचा दिवस हाय. माह्या दुकानात येऊन बसा दिवसभर. मंग तुमीच ठरवा."

वकील खरंच आले. तिनं पाट दिला, चहा दिला. दहा वाजले, अकरा वाजले. एक रिकामा टांगा गेला. एक गाय येऊन भगवंतशेठच्या पायरीवर बसली, तिला उठवायलाही कुणी आलं नाही. वकिलांनी पेपर दोनदा वाचला. दुपारी एक म्हातारी दारात थांबली. वकील दुकानदार असल्यासारखे सावरून बसले.

"भाऊ, मोटरस्टँड कुठीसा हाय जी?"

मनकर्णाबाई पदर तोंडाला लावून हसली. संध्याकाळी वकील उठले तेव्हा एवढंच म्हणाले, "बाई, मी बारा वर्षं या गल्लीत पाय ठेवला नव्हता."

पुढच्या सभेत बरीच वादावादी झाली आणि ठराव दोन मतांनी मंजूर झाला. गल्ली दुसऱ्या दर्जात गेली. बंद दुकान जो उघडेल, त्याला दोन वर्षं पट्टी माफ.

सूर्यभानचं दुकान पंचफुलानं घेतलं. दोन वर्षांपूर्वी बौद्ध झालेल्या कुटुंबातली ती बाई शिलाईचं मशीन घेऊन आली. गल्लीत कुजबुज सुरू झाली आणि पहिल्या दिवशी तिच्या दाराशी कुणी फिरकलं नाही. मनकर्णाबाईनं आपला गल्ला बंद केला, खणाचं कापड घेतलं आणि सगळ्यांच्या देखत तिच्यासमोर जाऊन बसली.

"घे वं माप. आन् बाही जरा सैल ठेवजो, मले दिवसभर हात हलवा लागते."

पंचफुलानं टेप काढून गळ्याचं माप घेतलं. "बाई, तुमी पयल्या गिऱ्हाईक."

"मंग चांगलं शिव. बिघडवलं त गावभर सांगीन."

ते पोलकं तिनं तीन वर्षं वापरलं आणि बाही दाखवत गावभर खरंच सांगितलं.

वर्षात तीन दुकानं उघडली, त्यातलं एक पुन्हा बंद पडलं. भगवंतशेठ शेवटी स्टँडकडे गेलेच. जुनी गर्दी काही परतली नाही. पण लग्नसराईत वरूडकडूनही बाया यायला लागल्या. पोलकं मापाला टाकायचं आणि तेवढ्या वेळात शेजारी चुडा भरून घ्यायचा. साठ-एकसष्टच्या वैशाखात तर पायरीवर बसायला जागा नसायची. मनकर्णाबाई आतून ओरडायची, "पंचफुले, तुह्याकडच्या चार जणी बसव तिकडंच! माह्याच्यानं इतके हात एकदम होत नाई!"