चावीच्या भोकांचा हँडगार्ड

एल्डन टॉलेफसनला रायफलीचा हँडगार्ड निवडायला सव्वीस दिवस लागले. एवढ्या दिवसांत माणसं लग्न ठरवून मोकळी होतात. हँडगार्ड म्हणजे नळीभोवतीचं अॅल्युमिनियमचं आवरण, जिथे आपण डाव्या हाताने रायफल धरतो ते. लांबी किती, वजन किती, आणि त्यावर टेकू, पट्टा वगैरे अडकवायची सोय कोणती, एवढं ठरवायचं असतं. मी बंदुका दुरुस्त करते, माझ्याकडे हे काम फार तर अर्ध्या तासाचं.

एल्डन सत्तरीचा. एकतीस वर्षं त्याने ग्रेडर चालवून आमच्या जिल्ह्यातले कच्चे रस्ते सपाट केले. लग्न केलं नाही. वायोमिंगच्या या कोपऱ्यात एकटं राहणाऱ्यांची काही कमी नाही, पण एल्डनला सबंध आयुष्यात मित्रच एक, मर्ल डिट्झ. दर ऑक्टोबरला दोघं हरणांच्या शिकारीला जायचे, एकाच पिकअपमधून, आणि मर्ल म्हणायचा की चार दिवसांत एल्डन चार वाक्यं बोलतो, त्यातली दोन कॉफीबद्दल.

अकरा वर्षांपूर्वी दोघांनी माझ्याच बेंचवर सारख्या रायफली जुळवून घेतल्या. तेव्हा आमच्या धंद्यात मोठं भांडण चाललं होतं. सामान अडकवायला हँडगार्डवर चावीच्या भोकांसारखी भोकं बरी, की सरळ लांब खाचा? लोक यावरून एकमेकांशी बोलेनासे झाले होते. मर्लने काउंटरवर मूठ आपटून सांगितलं, "भोकंच टिकणार, लिहून घे, नोरीन." टिकल्या खाचा. आता भोकांचा हँडगार्ड कोणी बनवत नाही.

या वसंतात मर्ल गेला, झटका आला आणि संपलं. सप्टेंबरमध्ये एल्डनची रायफल पिकअपच्या मागच्या फळीवरून खाली पडली आणि हँडगार्ड वाकला. तो माझ्याकडे आला तो रायफल आणि एक तंबाखूचा डबा घेऊन. डब्यात मर्लचं सामान होतं. टेकूचा पाया, हात अडवायचा ठोकळा, पट्ट्याची कडी. सगळं भोकांचं.

"हे सगळं नव्यावर बसायला हवं," तो म्हणाला.

"बसणार नाही. खाचांचा घे आणि नवीन सामान घे."

"मर्लने दिलंय हे. तीन वर्षांपूर्वी, त्याचा गुडघा गेला आणि शिकार सुटली तेव्हा. म्हणाला, ठेव, तुला लागेल."

मी कॅटलॉगमध्ये डोकं खुपसलं. कारण मर्लच्या गुडघ्याला काही झालं नव्हतं. तीन वर्षांपूर्वी तो माझ्याकडे आला आणि स्वतःच्या रायफलीवर खाचांचा हँडगार्ड बसवून घेऊन गेला. बायकोच्या भाच्याबरोबर आणि त्याच्या दोस्तांबरोबर तो शिकारीला जायला लागला होता. त्यांच्याकडे तंबू होता, पत्ते होते, हसणंखिदळणं होतं. जाताना म्हणाला, "एल्डनला बोलू नकोस हं. उगाच मनाला लावून घेईल." मी मान हलवली. आमच्याकडे दुसऱ्याच्या भानगडीत नाक न खुपसणं हा सगळ्यात मोठा गुण, आणि मला त्या गुणाचा भलताच अभिमान होता.

तेव्हापासून एल्डन एकटाच जात होता. मर्ल गेला तरी ते गुपित माझ्याजवळ राहिलं, आणि आता समोरचा माणूस त्या डब्यावर हात ठेवून बसला होता.

तो रोज दहा वाजता यायचा. पंधरा इंची बघायचा, तेरा इंची बघायचा, तळहातावर तोलायचा. जुन्या दातेरी पट्ट्यांचा बघायचा आणि म्हणायचा, "हा हाताला चावतो." मग स्टुलावर बसून कॉफी प्यायचा.

"म्हाताऱ्या, हरणं म्हातारी होऊन मरतील तुझी निवड होईपर्यंत," मी म्हणायचे.

"मरू देत. तेवढीच गोळी वाचेल."

"मर्ल असता तर तुला लाथ घातली असती."

यावर तो माझ्याकडे बघत राहायचा. मर्लचं नाव निघालं की नेहमी तसंच. मी मान खाली घालून एखादा स्क्रू शोधायचे, जो हरवलेला नसायचा.

मला स्वतःची चीड येत होती आणि ती मी त्याच्यावर काढत होते. विसाव्या दिवशी तर ओरडलेच, "एल्डन, भोकं संपली! जगाने खाचा घेतल्या, तूही घे!" त्याने कप धुऊन ठेवला आणि तो गेला. त्या दिवशी मी नेब्रास्कातल्या एका जुन्या ओळखीच्याला फोन करून भोकांचा एक वापरलेला हँडगार्ड शोधून काढला. मला वाटलं, एवढं केलं की माझी सुटका झाली.

हंगाम सुरू होण्याच्या आदल्या सकाळी तो आला. मी हँडगार्ड त्याच्यापुढे ठेवला, अगदी ऐटीत. त्याने तो उचललासुद्धा नाही.

"परत पाठव. खाचांचा बसव. तेरा इंची."

"आणि मर्लचं सामान?"

"त्याचं काही नको. पट्ट्याची एक कडी लाव, नवी."

मला हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू. जुना काढला, नवा चढवला, स्क्रू आवळले. आवळलेल्या स्क्रूच्या डोक्यावरून शेजारच्या धातूपर्यंत आम्ही कारागीर रंगाची बारीक रेघ ओढतो, म्हणजे स्क्रू सैल होऊन फिरला तर रेघ तुटलेली दिसते. माझी रेघ जांभळ्या नेलपॉलिशची. या जिल्ह्यात ती दुसऱ्या कोणाची नाही.

"हाच रंग होता," एल्डन म्हणाला.

"कुठे?"

"मर्लच्या रायफलीवर. दफनानंतर त्याच्या बायकोने कपाट आवरायला बोलावलं होतं. खाचांचा हँडगार्ड, त्यावर तुझी रेघ. कपाटाच्या दारावर आतून फोटो. गेल्या तीन वर्षांच्या शिकारीचे तीन, तो आणि बायकोचा भाचा."

माझ्या हातात ब्रश तसाच राहिला. म्हणजे डबा घेऊन आला तेव्हाच याला सगळं माहीत होतं.

"मर्लचं मी समजू शकतो," तो म्हणाला. एवढं सलग बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं. "तीस वर्षं शेजारी एकच माणूस, तोही माझ्यासारखा मुका. कंटाळला असेल. पण तू, नोरीन? तू रोज दहा वाजता समोर होतीस. मी काय हँडगार्ड निवडायला येत होतो? तू सांगशील म्हणून येत होतो."

"मला वाटलं, तुला वाईट वाटेल."

"वाटलंच."

त्याने रायफल पेटीत ठेवली, पेटीच्या कड्या लावल्या आणि माझ्याकडे न बघता बाहेर पडला. त्या हंगामात तो एकटाच गेला, हे मला पेट्रोल पंपावरच्या बाईकडून कळलं. आता काही बिघडलं तर तो साठ मैलांवरच्या दुसऱ्या कारागिराकडे जातो.