शर्टांच्या जाहिरातीतलं गाणं आणि लेकीचा फोन

मंडळी, इतक्या उशिरा लिहितो, माफ करा.

लेकीनं माझ्या फोनला रिंगटोन म्हणून एक जुनं सिनेमाचं गाणं लावून दिलं आहे. तेच गाणं आता टीव्हीवर शर्टांच्या जाहिरातीत लागतं, आणि मी दर वेळी फोनकडे धावतो.

आज पुन्हा गाणं वाजलं. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "काऊन उठता हो? कापडवाला बोलावून राह्यला तुमाले."

थकलो होतो, पडून राहिलो.

नंतर पाहतो तर लेकीचाच फोन येऊन गेलेला. तिचे बाळंतपणाचे दिवस भरले आहेत. आता तिचा आणि जावयाचा, दोन्ही फोन बंद लागतात.

आपल्या उंद्री गावचे जे कोणी पुण्यात आहात, तिच्या तिथल्या घरी डोकावून या. टीव्ही बंद केला आहे. आता गाणं वाजलं की उचलीनच. लवकर कळवा.