सुनंदाताईच्या लेक्चरमधला दुसरा आवाज

ताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी हेडफोन लावून तिच्याच लेक्चरची फाईल कापत बसले होते. त्रिकोणमितीचा भाग होता. नागपूरहून आमच्या भावाचे, प्रकाशदादाचे, फोन येऊन गेले, मला कळलेच नाहीत. शेवटी आमचे हे स्टुडिओतून आत आले आणि त्यांनी माझ्या कानावरचा हेडफोन काढून टेबलावर ठेवला. त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून मी समजले. हेडफोनमधून मात्र ताई बारीक आवाजात सांगतच होती, समोरची बाजू, लगतची बाजू, कर्ण… मी कळ दाबून तिला थांबवलं. रडू आलं नाही. राग आला. आमचं भांडण व्हायचं राहून गेलं होतं, आणि ती नेहमीसारखी माझं ऐकून न घेता उठून गेली होती.

गेल्या काही आठवड्यांत ताईबद्दल बरंच लिहून आलं. सौंसरच्या गणिताच्या सुनंदा मॅडम, शिस्तप्रिय, विद्यार्थ्यांची आई वगैरे. मॅडम कोणाची आई नव्हती. ती आई असल्यासारखी वागली असती तर तिचे विद्यार्थीच घाबरले असते. ती माझी मोठी बहीण होती आणि माझं तिच्याशी कधी पटलं नाही. शेवटच्या काही वर्षांत तर आम्ही बोलतही नव्हतो, फक्त फाइली पाठवत होतो. मला जे ठाऊक आहे तेवढंच मी लिहिते.

आमचे बाबा सौंसरच्या नगरपालिकेत पाणीपुरवठ्यावर होते. आमच्या मोहल्ल्यातून एम.एस्सी. झालेली ताई पहिली मुलगी. शाळेत नोकरीला लागली तेव्हा स्टाफरूममध्ये तिच्यासाठी पाण्याचा ग्लास वेगळा ठेवायचे. कोणी बोलून दाखवत नव्हतं, फक्त ग्लास वेगळा असायचा. ताईनं एक दिवस तो ग्लास मुख्याध्यापकांच्या टेबलावर नेऊन ठेवला आणि त्यांच्यासमोर ती त्यांच्याच ग्लासातून पाणी प्यायली. हा किस्सा सगळे अभिमानानं सांगतात, मीही सांगते. पण जी बाई शाळेत अशी लढायची ती घरी येऊनही लढतच राहायची, आणि घरी समोर मी असायचे. दहावीत मी गणितात नापास झाले तेव्हा आपल्या मुलाच्या पासाचे पेढे घेऊन आलेल्या शेजारणीला तिनं माझ्यादेखत सांगितलं की हिच्या डोक्यात भुसा आहे, हिला शिवणकामाला लावा. शेजारीण बिचारी पेढे तसेच घेऊन परत गेली.

मी शिवणकामाला गेले नाही. लग्न होऊन पांढुर्ण्याला आले. यांचा फोटो स्टुडिओ होता. तिथं मी लग्नाचे व्हिडिओ कापायला शिकले. तासन्‌तास चाललेली हळद, रुसलेले मामा, कॅमेऱ्यासमोर हलणारी पोरं, या सगळ्यातून पाहण्यासारखं तेवढं ठेवायचं. ताईला हे काम म्हणजे रिकामपण वाटायचं. "नाचणाऱ्यांच्या पिक्चरा जोडते," असं ती लोकांना सांगायची.

मग कोरोना आला, शाळा बंद झाल्या, आणि ताईचा फोन आला. तिनं विनंती केली नाही. ये म्हणाली. बंदोबस्त जरा सैल झाला तशी मी कॅमेरा आणि दिवे घेऊन सौंसरला गेले. बाबांच्या घराच्या मागच्या खोलीत तिनं भिंतीला फळा ठोकून घेतला होता. ती शिकवायची, मी कॅमेऱ्याशी बसायचे, आणि पांढुर्ण्याला परत येऊन त्या रेकॉर्डिंगचे तुकडे करायचे. एक मुद्दा, एक तुकडा. तिचं खोकणं काढायचं, खडू शोधायला गेलेला वेळ काढायचा, मागून भाजीवाल्याची हाळी आली असेल तर ती काढायची. खेड्यापाड्यातल्या पोरांकडे घरात एकच फोन, तोही बापाचा. त्यामुळे तुकडा लहान हवा, लवकर उतरायला हवा.

मी प्रश्न विचारायला लागले ते काही ठरवून नाही. मला खरंच समजत नव्हतं. एकदा ती उणे गुणिले उणे बरोबर अधिक, असं म्हणून पुढं निघाली आणि मी कॅमेऱ्यामागून म्हणून गेले, "पण काहून ताई? दोन वाईटाचं चांगलं काहून होते?" ती चिडली. रेकॉर्डिंग चालू होतं म्हणून तिनं राग गिळला. नियम आहे, म्हणाली. मी म्हटलं, नियम हाय हे तर मले दहावीतही समजलं होतं, काहून हाय ते सांग. ती फळ्याकडे पाहत उभी राहिली. तिला सांगता येईना. मग मलाच सुचलं. मी म्हटलं, ताई, तू उलटी चाल, दारापासून फळ्याकडे पाठ करून मागं मागं ये. आणि मी ते माझ्या मशीनमध्ये उलटं चालवते.

ती चालली. साडीचा काठ सावरत, भिंत चाचपत, मागं मागं. पांढुर्ण्याला येऊन मी ती क्लिप उलटी केली तर ताई फळ्यापासून सरळ दाराकडे चालत निघाली होती, ऐटीत. उलटं चालणं, उलटं दाखवलं, तर सरळ झालं. मी तिला पाठवली. तिचा लगेच फोन आला आणि ती हसत होती. माझ्या आठवणीत ताई माझ्याबरोबर एवढी हसली ती तेव्हाच.

त्या तुकड्यात माझा प्रश्न होता, तिची चिडचिड होती, शेवटी आम्हा दोघींचं आपल्या बोलीतलं बोलणं होतं. तो लोधीखेड्यापासून तिगावपर्यंत फोनाफोनातून फिरला. त्यानंतर पोरांना मॅडमबरोबर ती विचारणारी बाईही हवी असायची. आमचा भाग मध्य प्रदेशात, त्यामुळे बोर्डाचं पुस्तक हिंदीत, आमची पोरं घरी बोलतात वऱ्हाडी, आणि दोन्हींच्या मधे जे अडतं ते मी विचारायचे. ताई आधी हिंदीत सांगायची, मग माझ्याकडे वळून आपल्या भाषेत. एक-दीड वर्ष असं चाललं. मला वाटायला लागलं होतं की आमच्यातलं जुनं काही मिटलं.

मग एका कोचिंगवाल्यांनी तिच्याशी बोलणी केली. त्यांना सगळी लेक्चरं हवी होती, पण शुद्ध हिंदीत आणि एकट्या मॅडमची. मला हे कोणी सांगितलं नाही. मी नेहमीप्रमाणे दिवे लावायला गेले तेव्हा ताई म्हणाली की जुन्या सगळ्या फाइली पुन्हा काढ आणि तुझं बोलणं त्यातून कापून टाक. मराठी आलं तिथलं माझंही काप.

मी विचारलं, "मले विचारलं काय तू?"

"त्यात विचाराचं काय? विषय माझा हाय, शिकवून मी राहिली. तू मधात मधात बोलत होती, ते आता नाही पाहिजे."

"लोकं त्याच्यासाठीच पाहून राहिले, ताई."

"हसाले पाहतात," ती म्हणाली. "गावठी बोलणं ऐकून हसतात लोकं. तुले नाही माहीत, मले माहीत हाय."

तिला कुठून माहीत होतं ते मला ठाऊक आहे. नोकरीच्या मुलाखतीत ती घाईत एक वाक्य घरच्यासारखं बोलून गेली होती आणि समोर बसलेल्या साहेबांनी एकमेकांकडे पाहून विचारलं होतं, मैडम, यह कौन सी भाषा है? ते हसणं तिच्या कानात आयुष्यभर राहिलं. पण त्या साहेबांचा सूड तिनं माझ्यावर घ्यावा, हे मला तेव्हाही पटलं नाही आणि आता ती गेल्यावरही पटत नाही.

मी नाही म्हटलं असतं तर तिनं ते काम नागपूरच्या कोण्या पोराला दिलं असतं. तसं ती म्हणालीच. तो पोरगा कुऱ्हाड चालवल्यासारखा कापणार, तिचा हात फळ्यावर इथून तिथं उडी मारणार, वाक्याची शेपटं तुटणार, हे मला दिसत होतं. माझं काम असं कोणी नासवलेलं मला पाहवलं नसतं. म्हणून मी स्वतः बसले. स्क्रीनवर आवाजाची रेघ दिसते, बोललं तिथं फुगते. माझा आवाज कुठं आहे हे मला ऐकावंही लागत नव्हतं, रेघेवरून ओळखू यायचा. अलीकडे कापायचं, पलीकडे कापायचं, मधला तुकडा काढायचा, दोन टोकं जवळ आणायची. आपलं आपणच असं पुसत बसणं काय असतं ते मी कोणाला सांगू शकले नाही. सगळ्यात वाईट व्हायचं ते पुढं. माझा प्रश्न गेला, पण तिचं उत्तर राहायचं. न विचारलेल्या प्रश्नाला ती "हां, बरोबर" म्हणायची आणि हवेकडे पाहून मान हलवायची. मग ती मानही कापायची. उलट्या चालण्याचा तुकडा कोचिंगवाल्यांना फार आवडला होता. तो ठेवला, फक्त तो कशावरून निघाला ते काढलं.

पुढं सौंसरला तिचा सत्कार झाला. मंगल कार्यालय भरलं होतं, मी मागच्या रांगेत होते. तिनं शाळेचे आभार मानले, वीज गेली की बॅटरी लावून देणाऱ्या शेजाऱ्याचे मानले. मग उलट्या चालण्याची गोष्ट निघाली. कोणीतरी विचारलं, मॅडम, ही कल्पना कशी आली? ताई म्हणाली, "एक दिवस शिकवता शिकवता मलाच सुचली." मी उठले आणि पांढुर्ण्याची बस धरली. ती स्टेजवरून पाहत होती. तिनं मला जाताना पाहिलं, हे मला नक्की माहीत आहे.

त्यानंतर मी त्या खोलीत गेले नाही. ती एकटीच मोबाईल स्टँडला लावून रेकॉर्ड करायची आणि फाइली मला पाठवायची. मी कापून परत पाठवायचे. सोबत एक ओळ असायची, इथं आवाज कमी कर, इथून दोन भाग कर. कशी आहेस, असं तिनंही विचारलं नाही, मीही नाही. काम मी का सोडलं नाही, असं हे विचारायचे. मी हेडफोन लावून पुढची फाईल उघडायचे.

ताईच्या किडन्या गेल्या होत्या. तिनं कोणाला सांगितलं नव्हतं, सुट्टी घ्यावी लागली असती म्हणून. नागपूरच्या दवाखान्यात मी तिला भेटायला गेले तेव्हा ती अर्धी उरली होती. मी खिचडी नेली होती, ती तिनं बाजूला ठेवायला सांगितली. मी मनाशी ठरवून गेले होते की आज विचारायचं, तुले खरंच सुचलं होतं का ताई? मी खुर्ची ओढून बसले. ती माझ्याकडे पाहत होती. मग हळू आवाजात म्हणाली, "त्या तिसऱ्या भागात 'म्हणून'च्या पुढचा शब्द कापला तू. पाहून घेजो."

मी बरं म्हटलं. एवढंच. घरी येऊन तो भाग लावला, तर शब्द खरंच गेला होता. तिचं बरोबर होतं, आणि त्याचाही मला राग आला.

ताईच्या पुण्यानुमोदनाला बुद्ध विहारात भरपूर लोक आले. वंदना झाली, भाषणं झाली. मी एकाही भाषणाला मान हलवली नाही. जेवणं सुरू झाल्यावर एक मुलगी माझ्याजवळ येऊन उभी राहिली. प्रियंका, लोधीखेड्याची, आता स्वतःच शिकवते. मी कोणाला तरी भात वाढा म्हणून सांगत होते, ते ऐकून ती आली होती.

"तुम्ही त्या विचारणाऱ्या मावशी ना?" म्हणाली. "आवाजावरून ओळखलं."

मी हो म्हटलं. ती सांगायला लागली की अचानक तुमचा आवाज बंद झाला तेव्हा आम्ही वर्गात मॅडमला विचारलं होतं, ती बाई आता काहून विचारत नाही?

"मग काय म्हणाली?"

"मॅडम म्हणे, तिले आता सगळं समजते. माझ्यापेक्षा चांगलं समजते. आता ती काहून विचारीन?"

मुलगी हे कौतुकानं सांगत होती. मी हातातलं ताट खाली ठेवलं. भर वर्गात, पन्नास पोरांसमोर जे बोलता आलं ते माझ्यासमोर बसून एकदा बोलता आलं नाही ताईला. की हेही खोटंच होतं, पोरांना गप्प करण्यापुरतं? विचारायचं कोणाला… मी प्रियंकाला जेवून जा म्हटलं आणि मागच्या नळावर जाऊन तोंड धुतलं.

परवा प्रकाशदादाचा फोन आला. घर भाड्यानं द्यायचं आहे, तुझे दिवे, तारा मागच्या खोलीत पडल्या आहेत, घेऊन जा. मी सौंसरला गेले. खोलीत खडूची भुकटी सगळीकडे बसली होती, तारांवर, खिडकीच्या गजांवर. मोबाईलचा स्टँड मधोमध उभा होता. त्याच्या डाव्या हाताला, थोडं मागं, लाकडी स्टूल होतं. पूर्वी मी त्यावर बसायचे. तेवढ्या एका स्टुलावर भुकटी नव्हती, पुसून ठेवल्यासारखं होतं.

एकटीनं रेकॉर्ड केलेल्या सगळ्या लेक्चरांमध्ये ताईची एक खोड होती. ती कॅमेऱ्यात पाहत नव्हती. अवघड मुद्दा आला की तिची नजर कॅमेऱ्याच्या बाजूला, जरा खाली जायची, आणि तिथं थोडी थांबून मग पुढं सरकायची. कोचिंगवाले सारखे म्हणायचे, मैडम, कैमरे में देखिए. तिला ते शेवटपर्यंत जमलं नाही. मी वैतागून त्या जागी फळ्याचं मोठं चित्र टाकून तिचा चेहरा झाकायचे. म्हातारपणाचा हट्ट आहे, असं मला वाटायचं.

मी फळ्याजवळ गेले आणि ती उभी राहायची तिथं उभी राहिले. समोर स्टँड, आणि नजर जरा बाजूला, खाली नेली की सरळ ते स्टूल.

माझा राग गेला नाही. तो आहे, आणि राहो. मी तारा गुंडाळल्या, दिवे पिशवीत भरले, स्टँड घडी केला. बाहेरून दादानं विचारलं, ते स्टूलही नेतेस का, भाडेकरूला अडचण होईल. मी म्हटलं, नको, राहू दे तिथंच, आणि हलवू नको.