खोली नंबर चौदाच्या नऊ बाटल्या

नऊ बाटल्या, आणि नऊच्या नऊ बाटल्यांत प्रोटीन. तेही थोडंथोडकं नाही, थ्री प्लस. तपासायची पट्टी लघवीत बुडवली की पिवळ्याची गडद हिरवी होत होती. टेक्निशियनने मशीन बिघडलंय म्हणून दोनदा तपासलं. मशीन ठणठणीत होतं.

आमचे डिपार्टमेंट हेड डॉ. सामी भलतेच खूश झाले. किडनीच्या रिसर्चमध्ये एकाच खोलीत नऊ रुग्ण सापडणं म्हणजे लॉटरीच. त्याला आम्ही क्लस्टर म्हणतो. क्लस्टर मिळाला की पेपर होतो, पेपर झाला की कॉन्फरन्स. सामींनी मनातल्या मनात स्लाइड करायला घेतल्या होत्या.

सोपं करून सांगते. किडनी म्हणजे गाळणी. रक्तातला कचरा लघवीवाटे बाहेर जातो आणि प्रोटीन रक्तातच राहतं. गाळणी खराब झाली की प्रोटीनही खाली उतरायला लागतं. दुखत काही नाही, त्यामुळे वर्षानुवर्षं कळत नाही. कळतं तेव्हा माणूस डायलिसिसच्या दारात असतो.

हे नव्वदच्या दशकाच्या अखेरीचं. पुण्याहून अबुधाबीला येऊन मला सहा वर्षं झाली होती. उन्हात राबणाऱ्या माणसांच्या किडन्यांचं काय होतं, हा माझा विषय. एका बांधकाम कंपनीने शहराबाहेरच्या मुसफ्फाच्या लेबर कॅम्पमधली आपली माणसं तपासायला परवानगी दिली होती. खोली नंबर चौदामध्ये सगळे खेड-गुहागरकडचे, त्यामुळे मला जरा घरच्यासारखंच वाटलं. संमतीचा फॉर्म मी स्वतः त्यांना मराठीत वाचून दाखवला. त्यातली एक ओळ तर दोनदा वाचली: तुमचं नाव आणि रिपोर्ट कंपनीला कळवणार नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या, सह्या केल्या. मला वाटलं, पटलं त्यांना.

बाटल्यांवर फक्त नंबर. कुठला नंबर कुणाचा, ते रजिस्टर माझ्या ड्रॉवरमध्ये, आणि चावी माझ्या पर्समध्ये.

बुधवारी सामींनी मला केबिनमध्ये बोलावलं. कंपनीच्या पर्सोनेल मॅनेजरचा फोन येऊन गेला होता. कंपनीचा फोन आला की सामी उभं राहून बोलायचे, तशी त्यांची सवयच. बोलता बोलता त्यांनी नऊ जण सापडल्याचं सांगूनही टाकलं होतं. आता मॅनेजरला नावं हवी होती. का, ते शेंबडं पोरसुद्धा सांगेल. आजारी माणसं अनफिट ठरवायची आणि तिकीट काढून परत पाठवायची.

"शनिवारी लिस्ट माझ्या टेबलावर पाहिजे, डॉक्टर आशा," सामी म्हणाले.

मी फॉर्मची आठवण करून दिली. ते म्हणाले, फॉर्म एथिक्स कमिटीसाठी असतो, कंपनी बिथरली तर स्टडी खलास. आणि मग अगदी सहज, चहात साखर घालावी तसं, माझं कॉन्ट्रॅक्ट याच वर्षी रिन्यूअलला असल्याचं बोलून गेले. तिकडे कॉन्ट्रॅक्ट गेलं की व्हिसा जातो, व्हिसा गेला की घर, मुलीची शाळा, सगळंच गुंडाळायचं. हे मला ठाऊक होतं, त्यांनी सांगायची गरज नव्हती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तडक बाहेर आले, कारण बोलले असते तर तिथेच निकाल लागला असता.

रागाच्या भरात मी सगळं प्रिंटआउट पुन्हा काढून बसले. प्रोटीनच्या शेजारी क्रिएटिनिनचा कॉलम असतो. तो स्नायूंचा कचरा. लघवीत तो किती दाट दिसेल, हे तुम्ही किती पाणी प्यालात यावर असतं. एकाच माणसाचा सकाळचा आणि संध्याकाळचा आकडाही जुळत नाही. इथे नऊ माणसांचा जुळत होता. १४१, १४२, १४१, १४३. प्रोटीनचंही तेच.

नऊ रुग्ण नव्हतेच. बाटल्या नऊ आणि लघवी एकाची. चूक माझीच होती. सकाळची पहिली लघवी हवी म्हणून मी आदल्या दिवशी बाटल्या वाटून घरी निघून गेले होते.

शुक्रवारी सुट्टी. मी नवऱ्याला गाडी काढायला लावली आणि दुपारी कॅम्पवर थडकले. तो बिचारा एसी लावून गाडीत बसला. खोलीत कुणी कपडे वाळत घालत होतं, कुणी मासे साफ करत होतं. खोलीत वयाने मोठे बाबूकाका. त्यांनी खाटेवरची चादर झटकून मला बसायला दिलं. मी प्रिंटआउट पुढे ठेवलं आणि विचारलं, ही नऊ बाटल्यांतली लघवी कोणाची?

बाबूकाकाच बोलले. शेजारच्या कॅम्पमधला एक जण असाच तपासणीनंतर कंपनीने घरी पाठवला होता. फॉर्मवर काय वाटेल ते लिहिलेलं असतं, ते म्हणाले. खोलीत बहुतेक जण शुक्रवारी बिअर घेणारे, तंबाखू तर जवळजवळ सगळ्यांनाच. बिअर पिणाऱ्याची लघवी खराब येणार, हे त्यांनी ठरवूनच टाकलेलं. मग खोलीने विचार करून एक माणूस निवडला. निर्व्यसनी. चहासुद्धा न पिणारा.

"आमच्यात सगळ्यात साफ माणूस म्हंजे शंकर, मॅडम," बाबूकाका म्हणाले.

कोपऱ्यातून शंकर उठून उभा राहिला. चाळिशीचा, धिप्पाड, फिटर म्हणून काम करणारा. शाळेत बक्षीस घ्यायला उभं राहतात, तसा ताठ उभा होता. हसावं की रडावं कळेना.

मी त्याला बाहेर व्हरांड्यात घेऊन गेले आणि अंगदुखीला काय घेतो ते विचारलं. त्याने खिशातून गोळ्यांचं पाकीट काढलं. पाठ धरते म्हणून सकाळ-संध्याकाळ दोन-दोन पेनकिलर, गेली सात वर्षं, रोज. वर भर उन्हात काम आणि पाणी कमी, कारण साइटवर संडास लांब. गाळणीची वाट लावायला एवढं पुरतं. किडनी बिघडलीय, हे मी त्याला सरळ सांगितलं. लपवून काय मिळणार होतं? तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "मी तर कधी बिअरला हात नाय लावला."

मी त्याच्याकडून गोळ्या काढून घेतल्या.

शनिवारी सामींच्या टेबलावर लिस्टऐवजी क्रिएटिनिनचा कॉलम ठेवला. त्यांना दोन मिनिटांत कळलं. शेवटी ते डॉक्टर होते, आणि चांगले डॉक्टर होते. क्लस्टर गेला म्हणून चेहरा उतरला. पण माणूस लगेच सावरला.

"ठीक आहे," ते म्हणाले. "मग त्या एकाचं नाव द्या. कंपनीला काहीतरी द्यावंच लागेल."

"देते," मी म्हटलं. "फॉर्ममधलं वचन मोडून नाव देण्याचा आदेश मला लेखी द्या. खाली तुमची सही. कागद मी आणलाय."

कोरा लेटरहेड आणि पेन मी त्यांच्यापुढे सरकवलं. सामींनी पेन उचललं, टोपण काढलं, माझ्याकडे बघितलं, टोपण परत लावलं. मग फोन उचलला. या वेळी बसूनच बोलले. सॅम्पल गोळा करण्यात गडबड झाली, नऊ जणांची बातमी चुकीची, नावं काही नाहीत.

पुन्हा सॅम्पल घेतले ते मी स्वतः कॅम्पवर थांबून. बाबूकाकांनी आधी ड्रॉवरची चावी बघायला मागितली, मगच माणसं बाटल्या घेऊन गेली. आठ जण ठीक निघाले, बिअरवालेसुद्धा. शंकर साधा ओपीडी पेशंट म्हणून आमच्या क्लिनिकला यायला लागला. त्याच्या बाटलीवर मात्र स्टडीचा नंबरच राहिला. कंपनीला चिठ्ठी गेली ती पाठदुखीची: उन्हातलं जड काम नको. पाठ खरंच दुखत होती, त्यामुळे खोटं काही लिहावं लागलं नाही. त्याला स्टोअरमध्ये घातलं.

माझं कॉन्ट्रॅक्ट तीनऐवजी एकाच वर्षासाठी रिन्यू झालं. पुढेही दर वर्षी एकेक वर्षच. घाबरेन असं कुणाला वाटलं असेल तर वाटू दे. आजही कुणी ज्युनियर स्टडीचा फॉर्म घेऊन आला की मी आधी विचारते, नावांची यादी कुणाच्या ड्रॉवरमध्ये राहणार? उत्तर गुळमुळीत आलं तर फॉर्म परत. घाबरलेल्या माणसाची लघवी तपासून काही कळत नाही, हे मी नऊ बाटल्यांत शिकले.

शंकर पाच वर्षांनी आपणहून घरी गेला, मुलीच्या लग्नासाठी. गाळणी पूर्ण सुधारली नव्हती, पण आणखी बिघडलीही नव्हती. जायच्या आदल्या दिवशी शेवटचं सॅम्पल द्यायला आला. बाटलीवर नंबर नव्हता. मोठ्या अक्षरांत अख्खं नाव लिहिलं होतं, वडिलांच्या नावासकट. मी ओरडलेच. इतकी वर्षं नाव कशासाठी जपलं मग?

"असू दे, मॅडम," तो म्हणाला. "ही माझीच हाय."

लेबल मी काढलं आणि नंबर चिकटवला. नियम म्हणजे नियम.