सरदारकाकांचं गाऱ्हाणं

बाप साखर कारखान्यात मेला तेव्हा मी लहान होते. पत्र्याचं घर, आई उसात, भात असला तर आमटी नाही, असे दिवस. तेव्हा बेटावरच्या लॉंग माउंटन गावात आमच्या पायरीवर बसून आईचं दुखणं ऐकून घेणारा माणूस एकच होता, तो म्हणजे तिच्या ऊसतोड टोळीचा सरदार, म्हणजे मुकादम. आम्ही त्यांना सरदारकाका म्हणायचो. इतका गोड बोलणारा माणूस मी पुढे पाहिला नाही, आणि इतका दुष्टही नाही.

"कि मान्येर, वैनी?" अशी बेटावरच्या क्रेओल बोलीत खुशाली विचारून ते सुरुवात करायचे. कुणाचा गुडघा, कुणाचा दारुडा जावई, सगळं त्यांना पाठ. एकदा आई म्हणाली, गुडघा धरलाय. दुसऱ्या सकाळी त्यांनी तिला डोंगराकडची दगडाळ सरी दिली. "चढ-उतार झाली की गुडघा मोकळा होतो, वैनी." बायका हसल्या. आईही हसली. न हसून करते काय?

गणपतीत गाऱ्हाणं तेच घालायचे. कोकणातून बेटावर ऊस तोडायला आलेल्या पणज्यांची रीत ही. म्होरक्यानं प्रत्येकाचं मागणं देवापुढे मोठ्यानं मांडायचं, बाकीच्यांनी "होय महाराजा" म्हणायचं. म्हणजे देवाला सांगायचं ते आधी सरदारकाकांना सांगावं लागे. त्या वर्षी कॉलेजचं, आमच्याकडे माध्यमिक शाळेला कॉलेजच म्हणतात, शिक्षण सरकारनं फुकट केलं. प्राथमिक शाळेनंतर मी घरीच बसले होते. आईनं त्यांना सांगितलं, पोरीला कॉलेजात घालायचंय.

"देवा महाराजा," त्यांनी हात जोडले, "ह्या पोरीच्या डोक्यातलं शिक्षणाचं खूळ काढ, आणि फिनिक्स गावच्या माझ्या भाच्याच्या घरी तिला सुखानं नांदव!"

"होय महाराजा!" सगळे सवयीनं गरजले. आईसुद्धा.

निघताना ते तिला हळूच म्हणाले, "देवापुढे शब्द गेला, वैनी. मोडलात तर पाप तुमच्या माथी."

आई त्या रात्री दोन घासही जेवली नाही. विसर्जनाला नदीवर त्यांनी पुन्हा हात जोडले, तशी ती पुढे झाली.

"थांबा भावजी. माझं मी घालते."

"बायकांनी घालायचं नसतं, वैनी."

"मग कान झाका." आणि मूर्तीकडे वळून म्हणाली, "महाराजा, त्या दिवशी होय म्हटलं ते न कळून. चूक पदरात घे. माझी पोर शिकणार."

मग शेजारची म्हातारी करवादली, "अयो, मुक्या झाल्यात काय गं? होय महाराजा!" तेव्हा बायका बोलल्या. पुरुष गप्पच.

सरदारकाका तेव्हाही हसत होते. दुसऱ्या दिवसापासून कामं वाटताना आई त्यांना दिसेनाशी झाली, समोर उभी असली तरी. "अरेरे, वैनी होत्या का? लक्षच गेलं नाही." अखेर गाव सोडलं. क्युरपिप शहराच्या सततच्या पावसात एक ओलसर खोली घेतली, आई कपड्यांच्या कारखान्यात लागली.

पुढे विद्यापीठात एका जुन्या कथेतल्या खलनायकाचे स्वभावविशेष लिहायला आले. बाकीच्यांनी क्रूर डोळे, चाबूक असं लिहिलं. मी लिहिलं, तो आपुलकीनं चौकशी करतो, आवाज चढवत नाही, आणि समोरच्यानं विश्वासानं सांगितलेलं त्याच्यावरच उलटवतो.

"हे कथेत कुठे आहे?" सरांनी विचारलं.

"नीट वाचा सर. आहे."

सरदारकाका वारले तेव्हा गाव रडलं म्हणतात. आई अंत्ययात्रेला गेली नाही. मीही नाही.

त्याच वर्षी मी पदवी घेतली. आमच्या घराण्यातली ती पहिली.