युरोपला जायचं, पण मागच्या सीटवर

माझं शिक्षण सातवीपर्यंत. त्यामुळे लिहिताना कुठे वाकडंतिकडं झालं तर चालवून घ्या. शिवण मात्र जन्मभर सरळ घातली. मस्कतमध्ये रुवीला लागून हमरिया आहे, तिथल्या एका गल्लीत गाड्यांच्या सीटा शिवायचं माझं दुकान. फोम कापायचा, रेक्झिन ताणायचं, शिलाई मारायची. आता हाताखालची माणसं करतात आणि मी खुर्ची टाकून चुका काढतो. दुकान ज्याच्या नावावर आहे तो माझा ओमानी अर्बाब, म्हणजे मालक. तोही म्हातारा झालाय. व्हिसा वाढवायची वेळ आली की म्हणतो, "तू गावाला गेलास तर मी भांडायचं कोणाशी?" गावाला, रत्नागिरीकडे, माझं आता कोणी नाही. बायको होती, ती इथेच मस्कतला मेली. लोक म्हणतात 'देवाघरी गेली'. शब्द गोड केला म्हणून घर भरत नाही.

आम्ही दोघं दर शुक्रवारी सकाळी मोटारसायकलवर निघायचो. सीबच्या किनाऱ्याला, निझव्याला, जास्त करून कुरियातच्या रस्त्याला. मी पुढे, ती मागे. तिच्यासाठी मागची सीट मी स्वतः केली होती, रुंद, मऊ, हाताला धरायला पट्टा. ती गेल्यावरही मी शुक्रवार सोडला नाही. पण मागचं वजन गेलं की गाडी खड्ड्यात उडते. दर खड्ड्याला आठवण करून द्यायची काही गरज नसते, पण गाडी देते.

बरोबर दोघं असतात. एक पुण्याचा इंजिनियर, रुसैलच्या कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर. मला काका म्हणतो. दुसरा रायगडकडचा, मत्रहच्या बाजारात कापडाचा व्यापार, साठीला आलेला, पोट गाडीच्या टाकीवर टेकलेलं. तो मला भाऊ म्हणतो आणि भावासारखाच डोकं खातो.

युरोपचं खूळ इंजिनियरचं. विमानानं म्युनिकला उतरायचं, तिथं मोटारसायकली भाड्यानं घ्यायच्या, ऑस्ट्रियाचे डोंगर ओलांडून इटलीत. आमची ही असती तर म्हणाली असती, बर्फ बघायचाय ना, मग फ्रीज उघडा. पण मी हो म्हणालो. ती गेल्यापासून कशालाच हो म्हटलं नव्हतं. लग्नांना नाही, गणपतीला नाही, कोणाच्या घरी जेवायलाही नाही. तोंडातून हो निघालं तेव्हा मीच चमकलो.

मग सगळी थंडी दर शुक्रवारी सकाळची फेरी झाली की माझ्या घरी बैठक. माझ्याच घरी, कारण इथे आता कितीही आरडाओरडा केला तरी आतून कोणी ओरडत नाही. व्यापाऱ्याला जुम्म्याच्या नमाजाला जायचं असतं, म्हणून सगळा युरोप त्याच्या आत उरकायचा. इंजिनियर टीव्हीवर नकाशा लावायचा आणि डोंगर दाखवायचा. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, आणि आम्ही राहतोही उंटांच्या देशात.

"इथून इथे घाट आहे, काका. नुसती वळणं."

"घाट राहू दे," व्यापारी म्हणायचा. "खायला काय?"

"पिझ्झा."

"दहा दिवस? भाऊ, हा माणूस आपल्याला मारायला नेतोय."

अर्ध्या बॅगेत मेतकूट, चिवडा आणि सुका जवळा भरायचा असं ठरलं. जवळ्याला इंजिनियरनं नाक मुरडलं. मी म्हटलं, तुझं मेतकूट आम्ही सहन करतोय ना? हेल्मेटमध्ये बोलायचं यंत्र बसवू, म्हणजे चालता चालता एकमेकांशी बोलता येईल, असं त्याचं म्हणणं. मी साफ सांगितलं, माझ्या कानात कोणी बोलायचं नाही. मला अशा वेळी बरं वाटायचं. दुपारी ते गेले की कप विसळताना मी गुणगुणत असायचो. शेजारणीनं मला सांगितलं तेव्हा कळलं.

घोटाळा झाला तो रविवारचा. इंजिनियरनं आखलं होतं ते असं: शुक्रवारी विमान, शनिवारी आराम, रविवारी सकाळी गाड्या ताब्यात. आम्हा तिघांनाही त्यात काही चुकल्यासारखं वाटलं नाही. इतकी वर्षं इथे राहून रविवार म्हणजे कामाचा पहिला दिवस, हे अंगात भिनलंय. म्युनिकच्या गाडीवाल्याचं उत्तर आलं, रविवारी आमच्याकडे सगळं बंद.

"रविवारी दुकान बंद?" व्यापारी मनापासून हळहळला. "मग ही माणसं कमावतात कधी?"

आम्ही पोट धरून हसलो. इंजिनियर मात्र फोनकडे बघत राहिला. त्याच उत्तरात खाली आणखी लिहिलेलं होतं. चालवणाऱ्यांची वयं कळवा. अमक्या वयाच्या वर आम्ही गाडी चालवायला देत नाही. मागे बसायला हरकत नाही.

ते वय मी केव्हाच ओलांडलंय.

"दुसरीकडे विचारू, काका," इंजिनियर म्हणाला. त्यानं विचारलंही. दोन ठिकाणी तेच. तिसरा देत होता, पण त्याच्या अटी वाचून इंजिनियरनंच नको म्हणून मान हलवली.

"मग तुम्ही जा," मी म्हटलं.

"तू नाय तर मी पण नाय," व्यापारी म्हणाला. "माझ्या मागे बस."

"तुझ्यामागे जागा उरते का?"

"तू काय मोठा पैलवान लागून गेलास? मावशील."

मी म्हटलं, मी जन्मात कोणाच्या मागे बसलो नाही. मुंबईत नाही, इथे नाही. मागे बसायचं असेल तर घरी बसेन, घर बरं आहे. व्यापारी उठला, टोपी घातली आणि दारातून म्हणाला, "पुढच्या शुक्रवारी माझ्या गाडीवर कुरियातपर्यंत ये. नाय जमलं तर खलास. मी परत विचारायचा नाय."

आठवडाभर मी दुकानातल्या पोरांवर खेकसत होतो. खरं सांगायचं तर युरोपचं मला एवढं नव्हतं. डोंगर ओमानातही आहेत. पण नाही म्हटलं की त्या शुक्रवारच्या बैठका संपणार, आणि मी पुन्हा त्या गप्प घरात. आणि हो म्हणायचं तर मागे बसायचं. हिच्या जागेवर. दोन्ही गोष्टी घशाखाली उतरत नव्हत्या.

शुक्रवारी व्यापाऱ्याच्या मागे चढलो. चढताना पाय वर जाईना, तर इंजिनियरनं धरून चढवलं. तेवढा अपमान पुरेसा होता. गाडी निघाली तर मला हात कुठे ठेवायचे कळेना. वळण आलं की उजवा पाय ब्रेक शोधायचा, तिथे ब्रेक नाही. तो एकीकडे कलला की मी दुसरीकडे ताठ.

"भाऊ, गाडी तू चालवतोस की मी?" तो ओरडला.

"तू कुठे चालवतोयस? ढकलतोयस!"

"अंग सैल सोड! पोत्यासारखा बस!"

पोत्यासारखा बसलो. थोड्या वेळानं काय झालं ते सांगतो. पुढे बसणाऱ्याला रस्ता सोडून काही बघता येत नाही. मागे बसणाऱ्याला काही कामच नसतं, म्हणून तो बघतो. डोंगराचे रंग किती आहेत ते मला त्या दिवशी दिसलं. एवढी वर्षं मी त्याला तपकिरी समजत होतो.

कुरियातच्या अलीकडे एक वळण आहे. तिथून जाताना आमची ही दर वेळी माझ्या खांद्यावर दोनदा थाप मारायची. दोनदा म्हणजे थांब. मी पुढे जाऊन करक चहाच्या टपरीपाशी थांबायचो, तर म्हणायची, "मागे आंबा होता. वळणावर, मागे." मी म्हणायचो, "इथे कुठला आंबा? बाभूळ असेल." ती म्हणायची, "कोकणातल्या बाईला आंबा शिकवता?" मी परत जाऊन बघितलं नाही. चढावर गाडी मागे कोण वळवणार? या आंब्यावरून आमचं एवढं वाजायचं की टपरीवाला चहा देतानाच हिंदीत विचारायचा, "आज आम मिला?"

त्या वळणावर खडक मागे पडला तसं मी मान वळवली. सवय नव्हती, तरी वळवली. खाली खजुरांच्या रांगेत दोन-तीन घरं, आणि त्यांच्यामध्ये काळसर हिरवा, डेरेदार, मोहरलेला. आंबा. मोहोर मी लांबूनही ओळखतो. पुढे बघून चालवणाऱ्याला तो दिसणं शक्यच नव्हतं. खडकाच्या आड होता.

माझा हात आपोआप उठला आणि व्यापाऱ्याच्या खांद्यावर दोनदा पडला. त्यानं करकचून ब्रेक मारला. मागून इंजिनियर आला, हेल्मेट काढून धावतच.

"काय झालं, काका? चक्कर आली?"

"आंबा आहे," मी म्हटलं.

दोघं एकमेकांकडे बघायला लागले. मग मी हात करून दाखवला. व्यापाऱ्यानं डोळे बारीक केले. "व्हय की. मोहरलाय पण." मग म्हणाला, "वहिनी सांगायची तोच?" त्याला ते भांडण ठाऊक होतं. सगळ्या मस्कतला ठाऊक होतं.

आम्ही रस्त्याच्या कडेला उभे राहून तो आंबा बघितला. मला रडू आलं, ते मी पुसलं. आणि हसूही आलं, कारण बाई पक्की कोकणातली, आता वर बसून म्हणत असणार, बाभूळ ना? बाभूळ!

टपरीवर चहा घेताना टपरीवाल्यानं विचारलं नाही. मीच सांगितलं, "आम मिला." त्यानं पैसे घेतले नाहीत.

परतताना मी मागेच बसलो. इंजिनियरनं विचारलं, "काका, तिकीट काढू?" मी म्हटलं, काढ. पण अट आहे. कानात यंत्र नाही. मी खांद्यावर दोनदा थाप मारली की थांबायचं, घाटात असो की कुठे असो. का, म्हणून विचारायचं नाही.

"आणि तिथं आंबा नसला तर?" व्यापारी म्हणाला.

"तर बाभूळ बघायची."

काल दुकानात पोरांना बाजूला केलं आणि हिची सीट माझ्या गाडीवरून उतरवली. रेक्झिन उसवलं. फोम अजून चांगला आहे, मीच निवडला होता. माझ्या मापानं दोन्ही बाजूंनी कापतोय, म्हणजे भाड्याच्या गाडीवर बांधता येईल अशी गादी होईल. पट्टा तोच ठेवलाय. व्यापारी तपासायला आला होता. गादीवर बसून बघितली, पुन्हा बसला, आणि म्हणाला, "भाऊ, तू पुढे बस, मी मागे बसतो."

"मागे बसायचं वय आहे का तुझं?" मी म्हटलं, आणि त्याला उठवून शिलाईला बसलो.