मोराचं पान

हे मी इतकी वर्षं कोणालेच सांगितलं नव्हतं. घरच्या माणसालेही नाई. परवा एका अंगणात तोंडातून निघालं, अन् तवापासून असं हलकं वाटून राह्यलं — म्हणून आता तुमालेही सांगते.

मी शाळेतली बाई. नागभीडकडच्या एका खेड्यात, चौथीपर्यंत सगळे वर्ग माह्या एकटीकडं. आमच्या शाळेत वाचन म्हणजे काय? एकानं म्हणायचं, बाकीच्यायनं ओळीवर बोट फिरवत मागून ओरडायचं. रस्त्यावरच्या माणसाले वाटावं, वा रे शाळा! ज्योती सगळ्यात पुढं. मोराचा धडा तं फडफड म्हणे.

एक दिवस मी मधलाच एक शब्द दाखवला — पाऊस. पोरगी पुटपुटत पहिल्या ओळीपासून म्हणत आली, तिथपर्यंत पोचली, मंग बोलली. तोच शब्द दुसऱ्या पानावर दाखवला. गप्प. बोट ओळीवर, अन् धडा सगळा कानातला! अक्षर ओळखून, काना-मात्रा जोडून तिले पह्यल्यापासून शिकवाले पाह्यजे, हे काय मले समजत नव्हतं? चांगलं समजत होतं. पण साहेब येणार होते तपासणीले. अन् मी — मी ज्योतीलेच उभं केलं. मोराचं पान माह्या हातानं काढून देल्लं. साहेब खुश, माही वाहवा. मंग दरवेळी तेच पान.

पाचवीले ती दुसऱ्या गावच्या शाळेत गेली, अन् तिथी उघडं पडलं. माय तिले ओढतच माह्याकडं घेऊन आली. "बाई, तुमच्यापाशी तं फडफड वाचे. आता काऊन नाई वाचत?"

तवा तरी सांगता आलं असतं ना? मी म्हटलं — जीभ कशी रेटली माही — "आळशी झाली असन."

मायनं माह्यासमोर तिच्या थोबाडीत देल्ली. ज्योती रडली नाई. माह्याकडं पाहत राह्यली फक्त. त्याच वर्षी तिची शाळा सुटली.

परवा गेली मी तिच्या घरी. आता लेकराची माय आहे ती. ती अन् तिची माय, दोघी अंगणात मोहफुलं वाळू घालत होत्या. चहा नको म्हटलं, अन् उभ्यानंच सगळं बोलून टाकलं — पान मी काढून देत होती, हिले वाचता येत नाई हे मले माहीत होतं, आळशी म्हटलं ते खोटं होतं.

ज्योतीनं माह्याकडं पाह्यलंही नाई. हातातली फुलं खाली ठेवली, मायकडं वळली.

"आयकलं ना माय? मी आळशी नवती."